ज्योतीराम शिंप्याची हडळ

बोरमाळात शिंप्याचं घर एकच होतं, त्यामुळे ज्योतीराम शिंपी चांगला की वाईट हे ठरवायला गावाकडे दुसरं मापच नव्हतं. चाकणहून खेडला जाताना उजव्या हाताला मातीची एक वाट फुटते, तिच्या टोकाला सव्वाशे उंबऱ्यांचं हे गाव. गड्यांच्या बंड्या, बायकांच्या चोळ्या, लग्नातल्या गाद्यांचे अभ्रे, सगळं ज्योतीरामच्या ओसरीवरून जायचं. माणूस सडपातळ, मान जरा पुढे काढलेली, कानामागे खडूचा तुकडा. बोलायला गोड. चोळी वेळेवर द्यायचा नाही, पण उशीर का झाला ते इतकं रंगवून सांगायचा की बाई चोळी विसरून ऐकत उभी राहायची, आणि रिकाम्या हातानं घरी गेल्यावर तिच्या लक्षात यायचं.

एका बाबतीत मात्र त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असं गाव त्याच्या तोंडावर म्हणायचं आणि लगेच पुढे जोडायचं, 'आपला ज्योतीराम सोडून.' त्याच्याकडे टाकलेलं कापड वीतभरसुद्धा कमी होत नसे. उरलेला तुकडा, अगदी बोटभर असला तरी, शिवलेल्या कपड्याच्या घडीत ठेवलेला सापडायचा. बायका कापड टाकून निर्धास्त शेतावर जायच्या. ज्योतीरामला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता.

दुसरा अभिमान शिमग्याचा. बोरमाळात धुळवडीच्या दिवशी दुपारी भुताखेतांची सोंगं निघत. हलगी पुढे, सोंगं मागे, आणि घराघरापुढे थांबून नाच. आजूबाजूच्या चार वाड्यांतली माणसं बघायला यायची. ही सगळी भुतं ज्योतीराम रोजच्या कपड्यांतून काढायचा. नवं कापड आणायची कुणाची ऐपत नव्हती आणि त्याला गरजही वाटत नव्हती. गावच्या पाटलाचा काळा कोट तो एखाद्या गड्याच्या डोक्यावरून घालायचा, गळ्याशी बटणं लावून टाकायचा, खांद्यांत भाताचा पेंढा भरायचा आणि गड्याच्या काखेत डोळे काढलेलं मडकं द्यायचा. झाला बिनमुंडक्याचा खवीस. दोन बटणांच्या मधून गड्याला पुढचं दिसायचं. घोंगडं उलटं करून त्याला सुतळीच्या जटा टाचल्या की वेताळ. धोतराची लंगोटी, अंगभर राख आणि उपरण्याच्या पिळाची शेंडी म्हणजे मुंजा.

त्याचा नियम एकच होता. सोंगाला कात्री लावायची नाही. सगळं काम लांब लांब धावदोऱ्याचं, एका ओढीत उसवणारं. धुळवडीला पाटलाचा कोट भूत व्हायचा आणि रंगपंचमीला पुन्हा पाटलाच्या अंगावर जायचा. 'भुताचा कोट घातलाय' म्हणून लोक चेष्टा करायचे आणि पाटील हसायचे, कारण कोटाला एक भोक पडलेलं नसायचं.

छप्पन सालचा शिमगा आला तेव्हा ज्योतीरामपुढे मोठं संकट होतं. आदल्या वर्षी त्याचा खवीस इतका गाजला होता की पौषापासून जो तो विचारत होता, औंदा काय? ज्योतीराम नुसता हसायचा. खरं तर त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. मग गेनू आला. गेनू त्याच्याच आळीतला, तालमीत कमावलेला गडी, पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नुकताच कामाला लागलेला. रजा काढून आला होता आणि सोंग करीन तर असं करीन की पुन्हा कुणी करायचं धाडस करणार नाही, असं म्हणत होता. त्याला बघून ज्योतीरामला हडळ सुचली.

बाळंतपणात बाई गेली की तिची हडळ होते, असं त्या भागात जुनी माणसं मानत. हडळीचे पाय उलटे, टाचा पुढे आणि बोटं मागे. आजवर कुणाला ते सोंगात दाखवता आलं नव्हतं. ज्योतीरामला वाट सापडली. गेनूला सगळं मागचं पुढे घालायचं. चोळीच्या गाठी पाठीवर, निऱ्या मागच्या बाजूला, डोक्याच्या मागे कागदाच्या लगद्याचा बाईचा मुखवटा, आणि खऱ्या तोंडावर केसांचा झुपका सोडायचा. म्हणजे बघणाऱ्याला मुखवट्याकडून बाई दिसणार, तिचे पाय मात्र उलटे, आणि ती चालणार तीही उलटी. घरात गेनूला एकदा तसं उभं करून पाहिलं तेव्हा ज्योतीरामच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. असा आनंद त्याला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

अडलं ते लुगड्याशी. हडळीचं लुगडं धडधाकट कसं चालेल? चिंध्या वाऱ्यावर उडायला हव्यात, काठ लोंबायला हवेत. ते धावदोऱ्यानं होत नाही, त्याला कात्रीच लागते, आणि गावात कुठली बाई आपलं लुगडं कापू देणार? त्याची बायको सगुणाबाई हिच्याकडे धड अशी दोनच लुगडी होती. तिनं आपणहूनच सांगून टाकलं की माझ्याकडे बघू नका.

फडताळात एक लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते गोजाबाईनं आणून दिलं होतं.

गोजाबाई म्हणजे खालच्या आळीतली विधवा बाई. तिची एकुलती एक लेक इंद्रायणी माहेरी बाळंतपणाला आली ती गेल्या भाद्रपदात तिसऱ्या दिवशी गेली. पोरगी वाचली. तिचं नाव कुसुम ठेवलं आणि शेळीच्या दुधावर गोजाबाईनं तिला जगवलं. इंद्रायणीची बाकीची वस्त्रं रीतीप्रमाणे वाटून टाकली होती, हे एवढं एक लुगडं तिनं मागे ठेवलं होतं. पोरीची कुंची आणि दुपटं शिवायला ते ज्योतीरामकडे दिलं आणि म्हणाली होती, की पोरीला आईची कूस न्हाई मिळाली, निदान आईच्या लुगड्याची ऊब मिळू दे. घाई न्हाई, पर सगळं कापड दुपट्यातच घाल, घड्यावर घड्या घालून. एक चिंधी बाहेर जाऊ देऊ नको.

ज्योतीरामनं ते ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. हे सांगायला हवं, कारण पुढे त्यानं स्वतःलाही सांगून पाहिलं की आपण नीट ऐकलं नव्हतं.

त्यानं मनाशी जो हिशेब मांडला तो असा. कुंचीला पदराकडचं कापड लागतं, ते आधी कापून बाजूला ठेवू. दुपट्याच्या वरच्या दोन घड्या याच लुगड्याच्या घेऊ. आतल्या घड्यांत काय आहे हे कोण उसवून बघतंय? आत सगुणाचं जुनेर घातलं तरी ऊब तीच. राहिलेलं लुगडं शेवटी कापायचंच होतं, मग ते एक दिवस हडळीनं नेसलं म्हणून काय बिघडलं? शिवाय गोजाबाईला ते दिसणारच नव्हतं. मयताच्या घरचा पहिला शिमगा, त्या दारापुढे सोंग जात नाही आणि घरची माणसं बाहेर येत नाहीत. शहाणा माणूस स्वतःला फसवायला बसला की मूर्खापेक्षा नेटकं काम करतो. ज्योतीरामनं कात्री लावली. चुलीतली काजळी पाण्यात कालवून हिरवा रंग काळपट केला, काठाच्या लांब चिंध्या सोडल्या, आणि काम झाल्यावर आपल्याच कसबावर खूश होऊन विडी ओढली.

धुळवडीला दुपारी सोंगं निघाली. हडळ बाहेर पडली तशी बायका खरोखरच मागे सरल्या आणि धीट धीट गडीही खाकरू लागले. उलट्या पायांची बाई रस्त्यानं मागे मागे सरकत जाते आहे आणि तोंड मात्र आपल्याकडेच, हे भर उन्हातसुद्धा बघवत नव्हतं. ज्योतीराम गर्दीच्या कडेनं चालत होता. जो तो त्याच्याकडे वळून मान हलवत होता आणि त्याची मान नेहमीपेक्षा दोन बोटं आणखी पुढे आली होती.

गेनूला त्यानं बजावून ठेवलं होतं की गोजाबाईचं दार सोडून पुढे जायचं. पण गेनूच्या तोंडावर केसांचा झुपका, त्यात घाम डोळ्यांत उतरलेला. तो हलगीच्या आवाजावर चालला होता. खालच्या आळीत हलगीवाले दार ओलांडून पुढे गेले आणि कोपऱ्यावर वळले. आवाज भिंतीवर आपटून भलतीकडूनच आला. गेनू थांबला तो नेमका गोजाबाईच्या दारात, आणि तिथंच त्यानं गिरकी घेतली.

पोर रडत होती म्हणून गोजाबाई तिला कडेवर घेऊन उंबऱ्यात आली होती.

त्या लुगड्याच्या काठाला एक ठिगळ होतं. चुलीची ठिणगी उडून जळालेल्या जागी इंद्रायणीनं स्वतःच्या हातानं पिवळ्या दोऱ्यानं लावलेलं, तिरपं, बेढब. पाणवठ्यावर बायका त्यावरून तिला चिडवायच्या. ज्योतीरामनं त्यावरही काजळी फासली होती, पण गेनूच्या घामानं ती तेवढीच धुऊन निघाली होती. गिरकीबरोबर काठ उडाला आणि ठिगळ गोजाबाईच्या डोळ्यांपुढून गेलं.

ती ओरडली नाही. ज्योतीराम धावत तिथं पोचला होता. तिनं हडळीच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ज्योतीराम, हे माझ्या इंद्राचं लुगडं न्हवं?"

हलगी थांबली. सगळी आळी बघत होती. त्या एका क्षणात ज्योतीरामला दिसलं ते गोजाबाईचं तोंड नव्हे. त्याला दिसलं की उद्यापासून बायका कापडाची घडी मोजून देतील, आणि 'आपला ज्योतीराम सोडून' असं कुणी म्हणणार नाही.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "इंद्राचं घरी हाय, घडी करून ठेवलंय. हे चाकणच्या बाजारातलं जुनेर."

गोजाबाईनं त्याच्यावर विश्वास ठेवला. मग तिनं पुन्हा एकदा त्या ठिगळाकडे बघितलं, मुखवट्याकडे बघितलं, त्या उलट्या पायांकडे बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला. तिनं पोरीचं तोंड पदराखाली झाकलं आणि दार लावून घेतलं.

त्या दारासमोर ज्योतीरामला जी लाज वाटली ती त्याला तेव्हा नीट कळलीसुद्धा नाही. आज वेळ निभावली, उद्या बघू, असं तो म्हणाला. संध्याकाळी परसातल्या चुलवणात त्यानं ते लुगडं चिंधी चिंधी करून जाळलं. सगुणाबाई दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली की जाळण्यापेक्षा जाऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, सांगतो, आज नको.

दुसऱ्या दिवशी गोजाबाईच्या शेजारची कुशाबाई आणि आणखी दोघी ज्योतीरामकडे आल्या. ठिगळ त्यांनीही पाहिलं होतं. इंद्राचं लुगडं दाखव म्हणाल्या. ज्योतीरामनं कुंचीसाठी कापून ठेवलेलं कापड आणि दुपट्याच्या घड्या पुढे केल्या, ठिगळ आतल्या घडीत गेलंय म्हणाला. तोच हिरवा रंग, तोच लाल काठ. तिघींनी ते चाचपून बघितलं आणि एकमेकींकडे बघितलं. लुगडं शिंप्याच्या घरी होतं. तेच लुगडं, त्याच ठिगळासकट, हडळीच्याही अंगावर होतं. ज्योतीरामसारखा माणूस खोटं बोलणार नाही. मग याचा अर्थ एकच होत होता, आणि कुशाबाई तो बोलायला फार वेळ थांबली नाही. सोंगात इंद्रायणी स्वतः आली होती. आपल्या पोरीच्या दारात येऊन उभी राहिली होती.

त्यातच गेनू तापानं फणफणला. दिवसभर उन्हात, तोंडावर केस आणि पोटात भांग, दुसरं काय होणार? पिंपरीला परत गेल्यावर तिथल्या डॉक्टरनं सुई टोचली आणि तो चार दिवसांत कामावर उभाही राहिला. पण गावात पोचली ती तापाची बातमी. सुईची पोचली नाही.

ज्योतीरामच्या चांगल्या नावानं हे सगळं उभं राहिलं होतं. तो लबाड म्हणून प्रसिद्ध असता तर बोरमाळानं एका दुपारीत खरं काय ते ओळखलं असतं.

एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, लुगडं मीच कापलं. पहिल्या आठवड्यात ते जड होतं. चैत्रात आणखी जड झालं, कारण आता लुगडं कापल्याबरोबर खोटं बोलल्याचंही सांगावं लागणार होतं. गोजाबाई अवसेला तिन्हीसांजेच्या आत गावाबाहेरच्या बाभळीखाली लेकीसाठी दहीभात ठेवायला लागली. तिला हे करताना पाहिल्यावर तर बोलण्याची वाटच बुजली. दहीभात ठेवून ती हात जोडून उभी राहायची आणि काहीतरी पुटपुटायची. ज्योतीराम एकदा त्या बाजूनं येत होता. त्यानं तिला पाहिलं आणि तो करवंदीच्या जाळीत शिरला. अंगभर ओरखडे घेऊन ती जाईपर्यंत तिथंच बसला. घरी आल्यावर ओरखड्यांचं कारण सगुणाबाईनं विचारलं नाही. तिनं हल्ली बऱ्याच गोष्टी विचारणं सोडलं होतं.

कुंची आणि दुपटं त्यानं झटून शिवलं. इतकं वेळेवर काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. गोजाबाईनं दुपटं गालाला लावलं. आतल्या घड्यांत सगुणाबाईचं जुनेर होतं. "तुझं भलं हो, बाबा," ती म्हणाली. "तू खरा म्हनून मला माझ्या लेकीची गत कळली. न्हाईतर मी आपली सुखात बसले असते." ज्योतीरामनं मशीनचं चाक फिरवलं. सुईत दोरा नव्हता, तरी तो बराच वेळ नुसतं चाक फिरवत राहिला.

आषाढात तो एकदा ठरवून निघाला. आंघोळ केली, धुतलेली बंडी घातली, रस्त्यात कुणाशी बोलला नाही. गोजाबाईच्या ओसरीवर पोचला तर तिथं कुशाबाई बसलेली. ती जाईल म्हणून तो बसला. कुशाबाई काही जाईना. गोजाबाईनं विचारलं, कशापायी आलास? आणि ज्योतीरामच्या तोंडून निघालं, पोरीच्या झबल्याचं माप घ्यायला. झबलं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं दोरीनं पोरीच्या छातीचं, हाताचं माप घेतलं. पोरीनं त्याच्या कानामागचा खडू ओढला आणि खुदकन हसली. त्या मापानं त्यानं फुकट दोन झबली शिवून दिली आणि गावानं त्याला आणखी चांगला ठरवला.

दिवाळीनंतर जे झालं ते सगळ्यांत वाईट. कुसुमचा बाप खेडच्या पलीकडचा. वर्षानं पोरीला घेऊन जातो असं तो कबूल झाला होता. तो आलाच नाही. त्याचा चुलता आला आणि बाहेरच्या बाहेर सांगून गेला की आमच्या घरात पोरं-बाळं आहेत, हडळीची पोर आम्हाला नको. हे शब्द गावात राहून गेले. कुसुम नुकती पाय टाकायला लागली होती. ती दुडुदुडु शेजारच्या अंगणात गेली की तिथली आई आपलं मूल उचलून घरात न्यायची. ज्योतीरामच्या ओसरीवर बायका हे सांगायच्या आणि तो मान खाली घालून काज करत राहायचा. आपण चोर असतो तर बरं, असं त्याला वाटायचं. चोराला निदान कुणी भला म्हणत नाही. सगुणाबाईला मात्र एकदा राहवलं नाही. ती म्हणाली की तुमचं नाव तुम्ही जपलं खरं, पण त्या लेकराला जे नाव पडलं ते तुमच्या हातचं आहे.

सत्तावन्न सालचा शिमगा पाच दिवसांवर आला. औंदा सोंगं काढायची की नाही यावर गावात दुमत होतं, ते दुपारी मारुतीच्या पारावर ठरणार होतं. हडळीचं तर नावही कुणी काढत नव्हतं. ज्योतीराम सकाळी ओसरीवर झाडलोट करत होता तेव्हा गोजाबाई आली. कडेवर कुसुम. वर्षभरात म्हातारी फार वाळली होती. पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली की मला तुझ्याकडं एक मागायचंय, न्हाई म्हनू नको.

ज्योतीरामनं झाडू खाली ठेवला.

"औंदा बी हडळ काढ," गोजाबाई म्हणाली.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो म्हणाला की कुणी गडी तयार व्हायचा नाही, गेनूनं तर कानाला खडा लावलाय. ती म्हणाली की मी गेनूच्या पाया पडेन. गावातल्या ज्याच्या त्याच्या पाया पडेन. मग तिनं नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांतून हात फिरवत बोलत राहिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती विनवणी होती.

"गेल्या वर्सी ती माझ्या दारात आली, आन् म्या तिच्या तोंडावर दार लावलं. आई हाय मी तिची. भ्याले. पोर माझ्या कडंवर व्हती, ती बी झाकली. तिला काय वाटलं आसंल? वरीसभर मला झोप न्हाई, ज्योतीराम. तुझ्या सोंगात ती येती. औंदा आली तर दार उघडं ठेवनार हाय. तिला पोर दावनार हाय. एवढं कर माझ्यासाठी."

ज्योतीराम तिच्यासमोर खाली जमिनीवरच बसला. वर्षभर त्यानं हे सांगायचे शंभर प्रकार मनात जुळवले होते, कुठून सुरुवात करायची, कुठं हात जोडायचे. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मावशी, ती इंद्रा न्हवती. गेनू व्हता. लुगडं तिचंच व्हतं. मीच कापलं, मीच काजळी फासली, आन् दारात तुमच्याशी खोटं बोललो. राहिलेलं जाळलं. दुपट्यात आत सगुणाचं जुनेर हाय."

आता गोजाबाई शिव्या देईल, डोक्यावर माती घालील, आळी गोळा करील, म्हणून तो मान खाली घालून थांबला. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं फार हळू आवाजात विचारलं, "म्हंजी ती फिरत न्हाई?"

"न्हाई."

"बाभळीखाली यीत न्हाई? उपाशी न्हाई?"

"न्हाई मावशी. काहीच न्हाई तसलं."

गोजाबाईनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. ते रडणं दुःखाचं नव्हतं, हे ज्योतीरामला कळलं. तिचे खांदे सैल पडले होते, वर्षभर डोक्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यावर बाई बसते तशी ती बसली होती. "सुटली माझी बाय," असं दोनतीनदा म्हणाली आणि कुसुमला छातीशी धरून पुन्हा रडली. शिव्या बऱ्या होत्या. एवढा आनंद तो एका वाक्यात देऊ शकत होता, कुठल्याही दिवशी, आणि त्यानं तो वर्षभर आपल्यापाशी ठेवला होता. ज्योतीरामला तोंड कुठं लपवावं ते कळेना.

रडणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

"मंग वरीसभर बोलला का न्हाईस?"

कुशाबाई होती म्हणून, वेळ गेली म्हणून, असलं काहीबाही त्याच्या जिभेवर आलं. खरं कारण फार लहान होतं.

"लाज वाटली," तो म्हणाला.

गोजाबाई उठली. नातीला कडेवर घेतलं, तिच्या कुंचीची नाडी नीट बांधली. उतरताना पायरीवर थांबली.

"तुला लाज वाटली, आन् ती तू माझ्या लेकीला नेसवलीस," ती म्हणाली.

ती आळीच्या वळणापर्यंत जाईस्तोवर ज्योतीराम तसाच जमिनीवर बसून होता. दुपारी पारावर माणसं जमायला लागली तेव्हा तो सगळ्यांच्या आधी तिथं जाऊन उभा राहिलेला होता, आणि लवकर का आलास असं ज्यानं त्यानं विचारलं, तरी त्या लुगड्याचं सगळ्यांसमोरच सांगायचं म्हणून तो सगळे जमेपर्यंत थांबला.